मापाची सायकल

हल्ली सायकलच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, “मुलाचं वय काय?” मग वयाबरहुकूम 12, 16, 20, 24 इंची चाकांच्या सायकली पुढ्यात येतात. चपला घ्यायला आल्यासारखं वाटतं. आमच्या लहानपणी सांगलीत मुलांची सायकल अशी काही वस्तूच नव्हती. म्हणजे दुकानात असेलही, घरात नव्हती. घरात असायची ती वडिलांची. काळी, 22 नाहीतर 24 इंची. हा आकडा चाकाचा नव्हे हं, फ्रेमच्या उंचीचा. चाक 28चं. त्या मापाला आपण पोचायचं, सायकल काही खाली येणार नव्हती.

आमचे अण्णा मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी. त्यांची ॲटलस दिवसभर पेढीच्या दारात उभी असायची. त्यामुळे सीटच्या शिवणीत, घंटीच्या वाटीखाली, कॅरिअरच्या स्प्रिंगमध्ये हळद जाऊन बसलेली. तेलाच्या फडक्यानं कितीही पुसा, फडकं पिवळं व्हायचं आणि हळद होती तिथंच. ही सायकल आम्हा भावंडांच्या वाट्याला यायची ती रविवारी, आणि तीही आधी पुसून दिल्यावर.

पाय पुरत नाहीत तर सीटवर बसणार कसं? म्हणून हाफ पायडल. डावा पाय डाव्या पायडलवर, उजवा पाय नळीखालच्या त्रिकोणातून पलीकडे. डावा हात हँडलला, उजव्या हाताचा नळीला विळखा, सीट काखेत. आपण डावीकडे लोंबकळतोय म्हटल्यावर सायकल उजवीकडे कलती धरायची, म्हणजे दोघांचा मिळून तोल जमतो. हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं, गुडघे फुटता फुटता कळलं. पायडल पूर्ण फिरवायचं नाही. अर्धं दाबायचं, तसंच उलटं वर आणायचं, पुन्हा दाबायचं. वर आणताना फ्रीव्हील कटकटकट वाजतं. उजव्या पोटरीवर चेनच्या वंगणाची काळी नक्षी उमटते, ती सोमवारी शाळेत मिरवायची. मी तर हे सगळं फ्रॉक घालून करत असे. त्यासाठी फ्रॉकचा घेर आधी कमरेशी खोचून घ्यायला लागायचा. आजीला दिसू नये म्हणून मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन खोचायची. आजीला अर्थातच माहीत होतं.

सांगली गाव सायकलीला सोन्यासारखं. नदीकाठची सपाट जमीन, चढ शोधायला जावं लागतं. चिंचांच्या सावलीतून हरिपूर गाठावं, संगमेश्वराला नमस्कार करावा, कृष्णा-वारणेचा संगम बघून परत यावं, दम म्हणून लागत नाही. साताऱ्याच्या मावशीकडे गेलं की मात्र मला हसू यायचं. तिथं राजवाड्याकडून पोवई नाक्यावर उतरायचं ते पायडल न मारता, आणि परत यायचं ते सायकल हातात धरून. मावसभाऊ ह्याला सायकल चालवणं म्हणायचे! आमच्याकडे पावसाळ्यात सायकलीला आणखी एक काम असायचं. आयर्विन पुलाशी जाऊन पाणी किती फुटांवर आलं ते बघून यायचं. 40 म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे सांगलीच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ.

सायकल आता चालवतंय कोण, असं आपण सहज म्हणून जातो. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना 2020 साली थांबला, तोही 3 जूनला, नेमका जागतिक सायकल दिनाला. ते वाचून मलाही वाटलं होतं की संपलं. पण 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्या घरांत सायकल निघाली. पश्चिम बंगालमध्ये तर शंभरातल्या जवळजवळ 79 घरांत. तिथं सरकारनं 2015मध्ये नववी ते बारावीच्या मुलामुलींना सायकली द्यायला घेतल्या. बिहारनं 2006मध्ये मुलींपासून सुरुवात केली होती. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून काही तालुक्यांतल्या मुलींना मिळतात. मला त्या मुलींच्या शाळेपेक्षा त्यांच्या घराचं जास्त कुतूहल आहे. शाळा सुटल्यावर ती सायकल एकटीची राहत नसणार. वडील शेताकडे नेत असतील, कॅरिअरवर दळणाचा डबा जात असेल. धाकटा भाऊ सीटपर्यंत पोचत नाही म्हणून उभ्यानंच पायडल मारत असेल. लेडीज सायकलला आडवी नळी नाही, म्हणजे हाफ पायडलची कसरत वाचली त्याची. सर्वेक्षणवाले सायकल मोजतात, तिच्यावर नंबर लावून बसलेले मोजत नाहीत.

पहाटे मिरज रस्त्याला हेल्मेट घालून निघणारी मंडळी मला आवडतात, उगाच नावं कशाला ठेवा. पण त्यांच्या सायकलीला “एक राउंड दे की” म्हणायची कुणाची छाती नाही. सीटची उंची म्हणे मिलिमीटरमध्ये ठरवलेली असते.

आमच्या विश्रामबागेतल्या अपार्टमेंटमध्ये जिन्याखाली सायकलींची रांग लागलेली आहे. हवा गेलेल्या, बाजूला छोटी चाकं लावलेल्या, हँडलला झिरमिळ्या असलेल्या. मुलं वाढली, सायकली आहेत तेवढ्याच राहिल्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी सुचवलं, ज्याची सायकल लहान झाली त्यानं ती दुसऱ्या घरातल्या लहानग्याला द्यावी, पंक्चर आणि ओव्हरऑइलिंगचं मी बघते. सगळ्यांनी माना डोलावल्या. “छान आयडिया आहे, काकू.” पुढच्याच आठवड्यात पहिल्या मजल्यावर 16ची कोरी सायकल आली, सीटवरचं प्लॅस्टिकही न काढलेली. मी त्या चिरंजीवांना म्हटलं, “अरे, अश्शीच एक जिन्याखाली आहे की!”

“काकू, ती निळी आहे.”