तुम्ही विचारलंत म्हणून: क्लोन तयार आहेत, मग इतके आठवडे कशाला?

सोलापुरात जैवतंत्रज्ञान शिकणारी मुलं, आणि त्यांचे आईवडीलही, हे हमखास विचारतात: जनुकांचे क्लोन (एकेका जनुकाचा तुकडा वाहणारे जिवाणू) फ्रीजरमध्ये आहेत, मायक्रोअॅरेच्या काचपट्टीवर एकेका जनुकाच्या डीएनएचे ठिपके यंत्र टाकतं, मग मधे एवढं काय असतं?

ठिपक्यावर नाव नसतं, म्हणून. समजा, तेल्या रोग पडलेली आणि निरोगी अशी डाळिंबाची पानं ताडून बघायची आहेत. एकाच्या आरएनएपासून (चालू जनुकांच्या नकलांपासून) केलेला नमुना ठिपक्यांना चिकटून लाल, दुसऱ्याचा हिरवा चमकतो. पण लाल दिसलेला ठिपका कोणत्या जनुकाचा, हे क्लोन ठेवलेल्या ९६ खणांच्या प्लेटमधल्या त्याच्या जागेवरूनच कळतं. जागा चुकली की सगळं चुकलं.

सर्वांत मोठा घात होतो प्लेटवरची झाकणपट्टी ओढताना. तिच्या खालच्या बाजूला चिकटलेले थेंब शेजारच्या खणात उडतात. म्हणून गोठलेली प्लेट वितळू द्यायची, थेंब तळाशी जावेत म्हणून सेंट्रिफ्यूज या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात मिनिटभर फिरवायची, मगच पट्टी सोडवायची, तीही सावकाश.

मग एलबी या पोषक द्रवात, मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम अँपिसिलिन हे प्रतिजैविक घालून, ३७ अंशांवर १६ ते १८ तास जिवाणू वाढवायचे. जास्त वेळ ठेवले तर जिवाणूच अँपिसिलिन मोडून टाकतात आणि प्लास्मिड (जनुकाचा तुकडा आणि अँपिसिलिनला तोंड देण्याची ताकद वाहणारं डीएनएचं छोटं वर्तुळ) गमावलेले जिवाणूही वाढू लागतात. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात कडेचे खण आटतात. इन्क्युबेटरमध्ये पाण्याचं भांडं ठेवलेलं बरं.

या कल्चरमधून, म्हणजे वाढलेल्या जिवाणूंच्या द्रवातून, किंचित घेऊन प्रत्येक खणात १०० मायक्रोलिटरची पीसीआर, म्हणजे डीएनएच्या भरपूर प्रती काढायच्या. मिश्रण ९६ पुरतं न करता १०४ पुरतं करा, पिपेटला चिकटून जातंच. प्रायमर (प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) प्लास्मिडवरचे, घातलेल्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंचे, म्हणून सगळ्या क्लोनना एकच जोडी चालते.

आता १ टक्का अॅगारोज जेल, ज्यात डीएनए लांबीप्रमाणे पट्ट्यांत वेगळा होतो, आणि इथे एकही खण वगळू नका. ठळक एक पट्टी आली तर पास. दोन पट्ट्या म्हणजे बहुतेक दोन क्लोन मिसळलेत. अगदी छोटी पट्टी म्हणजे प्लास्मिड रिकामंच. एक खण, समजा एच१२ हा शेवटचा, मुद्दाम जिवाणूंशिवाय ठेवा. त्यात पट्टी दिसली तर भेसळ आहे. रिकामी जागा ए१ ला, म्हणजे पहिल्या खणात, दिसली तर प्लेट उलटी फिरवून ठेवली गेली आणि सगळ्या जनुकांची नावं बदलली. मुलांना हेच कंटाळवाणं वाटतं, पण आमच्या मते खरं काम हेच.

पुढे इथेनॉलने डीएनए खाली बसवून ७० टक्के इथेनॉलने धुवायचा. एप्रिल-मेमध्ये तो लवकर सुकतो. खडखडीत वाळला की नीट विरघळत नाही. विरघळवायला ५० टक्के डीएमएसओ हा द्रावक घ्या, तो सावकाश उडतो आणि ठिपका एकसारखा बसतो. मायक्रोलिटरला १०० ते २०० नॅनोग्रॅम डीएनए हवा, कमी असला तर ठिपका फिका पडतो.

एखादा ठिपका लक्षवेधी निघालाच, तर त्याच्या डीएनएचा क्रम पुन्हा वाचून घ्या, आणि तो छपाईच्या प्लेटमधल्या, म्हणजे यंत्राने जिच्यातून ठिपके टाकले तिच्यातल्या, त्याच खणातला. काचेवर गेलं ते तिथलं, फ्रीजरमधलं नव्हे.