प्राक्तन की नशीब

सबटायटलचं काम करायला लागून मला अकरा वर्षं झाली. एका शब्दापायी अख्खा दिवस गेला असं मात्र एकदाच झालंय, ‘डीटूर’च्या वेळी.

शनिवारी एका फिल्म क्लबात खेळ होता आणि मराठी सबटायटल्स शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हवी होती. चित्रपट १९४५चा, जेमतेम ६८ मिनिटांचा, एडगर उल्मरने पीआरसी या हॉलीवूडमधल्या अगदी गरीब कंपनीसाठी केलेला. न्यूयॉर्कच्या क्लबात पियानो वाजवणारा अल रॉबर्ट्स लॉस एंजेलिसला गेलेल्या प्रेयसीकडे निघतो. खिशात पैसे नाहीत, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करत. हॅस्केल नावाचा एक जण त्याला गाडीत घेतो आणि वाटेतच मरतो. मग हॅस्केलला ओळखणारी व्हेरा भेटते, आणि तिथून सुटका नाही.

गुरुवारी रात्री पहिला खर्डा झाला. चित्रपटाच्या शेवटी अल जे वाक्य म्हणतो, त्यातल्या ‘फेट’ला मी ‘प्राक्तन’ लिहिलं होतं. शब्द भारदस्त वाटला.

सकाळी आमचे संपादक शेजारी खुर्ची ओढून बसले. ती ओळ त्यांनी दोनदा वाचली. “अहो, प्राक्तन म्हणजे मागच्या कर्माचं फळ. याचं ते कर्म कुठलं, मला दाखवा. सापडलं तर शब्द ठेवू.”

मूळ वाक्यात तर ‘काही कारण नसताना’ असं स्वच्छ म्हटलंय. तरी मी पावसाचा प्रसंग लावला आणि पुन्हा पुन्हा पाहिला. रात्र आहे, अल गाडी चालवतोय, हॅस्केल शेजारी झोपलाय. पाऊस येतो म्हणून अल टप लावायला थांबतो, पलीकडचं दार उघडतो, हॅस्केल बाहेर कोसळतो आणि डोकं दगडावर आपटतं. इथवर अलचा काडीचाही दोष नाही. पण नंतर? तो प्रेत लपवतो, मेलेल्याचे कपडे अंगावर चढवतो, पैसे घेतो, गाडी घेतो. आणि हे करताना त्याचं निवेदन थेट आपल्याशी बोलतं: तुमचा विश्वास बसणार नाही, मला ठाऊक आहे. त्या ‘यू’ला ‘तुम्ही’च हवं होतं. हा माणूस कोर्टासमोर उभं राहून बोलावं तसा बोलतो.

म्हणजे कर्म आहे, पण ते आधीचं नाही. ‘प्राक्तन’ गेलं. ‘नियती’ पुस्तकी, रस्त्याकडेच्या हॉटेलात कॉफीच्या कपाकडे बघत बसलेल्या पियानोवाल्याच्या तोंडी ती शोभेना. राहिलं ‘नशीब’. गुरुवारी मी ते साधं म्हणून बाजूला ठेवलं होतं. आपल्याकडे माणूस नशिबाला बळी पडतो, आणि स्वतःच्या हातून झालेलंही नशिबावर ढकलतो. अल या दोन्ही गोष्टी एकाच दमात करतो. त्याची मला खरोखर कीव येते, आणि तो पूर्ण खरं बोलतोय असंही वाटत नाही.

एका जागी मात्र काहीच करता आलं नाही. व्हेरा खोकते. ॲन सॅव्हेजने ही बाई अशी उभी केलीय की तिच्या प्रत्येक वाक्याला ओरखडा असतो, पण मधूनच येणाऱ्या त्या खोकल्यात कळतं की ही आता फार दिवसांची सोबती नाही आणि तिला ते माहीत आहे. आमच्या फाइलीत खोकल्याला ओळ नसते. ती दारूच्या नशेत टेलिफोन घेऊन आतल्या खोलीत जाते, दार लावते. पोलिसांना फोन करू नये म्हणून अल बाहेरून वायर ओढतो. वायर तिच्या गळ्याभोवती आहे हे त्याला दिसत नाही. दार फोडल्यावर कॅमेरा खोलीतल्या एकेका वस्तूवर फिरतो. वस्तू धूसर होते, स्पष्ट होते, पुन्हा धूसर. या कॅमेऱ्याला पैसे लागले नाहीत, नजर लागली.

सगळा चित्रपटच असा. न्यूयॉर्कचा रस्ता म्हणजे नुसतं धुकं. गाडीबाहेरचा प्रदेश मागच्या पडद्यावर सरकणारा. काही ठिकाणी फिल्म उलटी छापलीय, त्यामुळे अमेरिकेत डावीकडे बसणारा चालक उजवीकडे बसलेला दिसतो. या लोकांना जायला जागाच नाही, हे मला त्या कंगालपणातूनच जाणवतं. भरपूर सेट असते तर अलला कुठेतरी लपता आलं असतं, असं वाटत राहतं.

संध्याकाळी ओळ ठरली: “नशीब म्हणा, की कुठली अज्ञात शक्ती / विनाकारण तुमच्यावर-माझ्यावर बोट ठेवते.” आमच्याकडे एका ओळीला ४२ अक्षरांची मर्यादा. दोन्ही ओळी बसल्या.

त्याच्या आधीच्या वाक्याला संपादकांनी हात लावला नाही. तिथे अल म्हणतो की एक दिवस अशी गाडी थांबेल, जिला मी हात केलेला नसेल. ते मला शोधावं लागलं नव्हतं. रस्त्यावर उभं राहून एसटीला हात करतच तर मी मोठी झाले. गुरुवारी रात्री लिहिलं तसंच ते गेलं.