साहेब

२८ नोव्हेंबर, पेडणे

आज वहिनी मला 'साहेब' म्हणाल्या.

तेवढंच. पण दुपारपासून तेच डोक्यात घोळतंय.

हयातीचा दाखला करायला गेलो होतो. नोव्हेंबर सरत आला की माझी हीच धावपळ. पिशवीत अंगठ्याचं यंत्र, मोबाईल, पीपीओच्या, म्हणजे पेन्शनच्या आदेशाच्या, झेरॉक्स. वहिनींचा अंगठा काही केल्या उमटेना. नारळ सोलून, भांडी घासून रेषाच गेल्यात. साबणाने धुतला, पदराला पुसला, चार वेळा टेकवला. शेवटी मोबाईलवर चेहऱ्याने केलं. डोळे मिचकवायचे असतात. त्यांनी घट्ट मिटून घेतले, देवापुढे मिटावेत तसे. मग उघडून म्हणाल्या, "झालं, साहेब?"

भावजी होतो मी. रजेवर दोघं एकदमच यायचो, तेव्हा "भावजी, आधी पाय धुवा" ही दारातली पहिली ऑर्डर असे. नंतर त्याच दारात एकटा गेलो ते... राहू दे.

पलटणीतसुद्धा कधी साहेब झालो नाही. तिथं साहेब व्हायला नायब सुभेदारी लागते. मी हवालदारीवरच घरी आलो. संस्थेचा अध्यक्ष झालो तो वहिनींच्याच कागदांपायी. पलटणीच्या रेकॉर्डात त्यांचं नाव एक, लग्नाच्या दाखल्यावर दुसरं. ते जुळवायला बेळगावला किती खेटे घातले, चोर्ला घाटात दोनदा ओकलो. त्यांची पेन्शन सुरू झाली तशी दुसरी वीरपत्नी कागद घेऊन आली, मग तिसरी. संस्था म्हणतात ती एवढीच. आणि ज्यांच्यापायी हे सगळं, त्यांनीच परकं करावं?

आता ७ डिसेंबरला ध्वजदिन. लाल, गडद निळा, फिकट निळा म्हणजे तीन दलं, १९४९ पासूनची प्रथा, हे शाळेत सांगायचं. मग १९ तारखेला अंजदीव. १९६१ साली गोवामुक्तीच्या वेळी त्या बेटावर नौदलाचे ७ जण धारातीर्थी पडले, हे मी माईकवर न अडखळता बोलतो. सातांवर बोलता येतं. त्या एकावर नाही. इतक्या वर्षांत वहिनींसमोर त्याचं नाव घेतलं ते फक्त रकाना भरताना. पतीचे नाव, हुद्दा, नंबर. असं विचारणाऱ्याला बाई काय म्हणणार? साहेबच की.

निघताना हातात डबा दिला. यंदाचे उकडे तांदूळ. वर म्हणाल्या, "ते यंत्र कुणाला तरी दाखवा, बिघडलंय. आणि डबा परत आणा, मागच्या वर्षीचापण तुमच्याकडेच आहे."

साहेबाला कुणी असं दटावत नाही.

घरी येऊन मागचा डबा शोधला. सापडला. त्यात शाईचं पॅड आणि अध्यक्षांचा रबरी शिक्का ठेवलाय.