उजवा गाल

पासपोर्ट फोटोत सावली म्हणजे गुन्हा. दोन्ही बाजूंनी सारखे लाइट, मागे पांढरा पडदा, कानामागे जराशी काळी रेघ दिसली की फोटो परत. लालबागच्या माझ्या 10 बाय 14 च्या स्टुडिओत दिवसभर हेच चालतं. त्यामुळे कोणी नुसतं ‘जरा चांगला काढा’ म्हणालं की मी आधी एक लाइट बंद करतो.

त्या बुधवारी एक काका मुलीला घेऊन आले. बेस्टमध्ये 31 वर्षं ड्रायव्हर, नुकतेच रिटायर. सोसायटीत सत्कार होता, त्याच्या फ्लेक्ससाठी फोटो हवा होता.

लाइट माझ्या डाव्या हाताला, त्यांच्या डोळ्यांच्या वर, 45 अंशात. नाकाची सावली गालाच्या सावलीला भिडली की पलीकडच्या डोळ्याखाली उजेडाचा एक त्रिकोण उरतो. रेम्ब्रांट या जुन्या डच चित्रकाराच्या चित्रांवरून त्याला त्याचंच नाव पडलंय. त्रिकोण डोळ्यापेक्षा रुंद नको, नाकापेक्षा लांब नको. माणसाने मान जराशी वळवली तरी तो तुटतो. हल्लीच्या पोरांना हे सांगायला जाऊ नये. प्रीसेट आहे ना, एका क्लिकवर तयार इफेक्ट, म्हणतात.

त्रिकोण झकास जमला. मुलीने स्क्रीन बघितली आणि म्हणाली, “पप्पा, सत्तरीचे दिसताय!”

तिरक्या उजेडात सुरकुतीची एक कड उजळते आणि दुसरीची सावली पडते, हे मलाही माहीत आहे. पण इतक्या सुरकुत्या? स्टँड उचलून उजवीकडे नेला. अंतर तेच चार फूट, ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं तोंड, तेच 8. समोर दहा वर्षांनी लहान माणूस बसला होता. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं, म्हणून मोबाइलचा टॉर्च मारून जवळून पाहिलं. उजवा गाल उन्हात वाळत टाकलेल्या आंबापोळीसारखा, डावा गुळगुळीत.

काका हसले. “खिडकीची बाजू आहे ती, दादा. सकाळी बोरिवलीकडे जाताना ऊन उजवीकडून. संध्याकाळी फोर्टाकडे येतानाही उजवीकडूनच. डावीकडचं ऊन पॅसेंजरला.”

मनात नकाशा उलटसुलट फिरवून पाहिला. बरोबर होतं.

मग मी फ्लेक्स विसरलो. लाइटवरचा सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारी कापडी पेटी, काढला, उघडा लाइट पुन्हा डावीकडे नेला आणि दुसऱ्या बाजूला काळं कापड धरलं, म्हणजे भिंतीवरून उजेड परत यायला नको. काका स्वतःच सांगू लागले, “अजून खाली घ्या. पाच वाजता एवढं वर नसतं ऊन. थोडं मागे.” लाइट जागेवर आला तसा त्यांचा उजवा डोळा आपोआप बारीक झाला आणि मांडीवरचे हात उचलून स्टिअरिंगच्या मापात थांबले. पंधरा वर्षांत माझ्या हातून असा फोटो निघाला नव्हता.

मुलीने तो नको म्हटलं. डावा गाल उजेडात असलेला घेतला. सावलीतला उजवा गालही मी फोटोशॉपमध्ये थोडा घासून दिला. गिऱ्हाइकाने मागितलं, दिलं. तरी ते घासणं अजून खुपतंय.

रात्री शोधलं तर 2012 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात असाच एक अमेरिकन ट्रक ड्रायव्हर सापडला, 28 वर्षांची नोकरी. भाजणारे किरण काच बरेचसे अडवते, पण कातडीत खोल शिरून सुरकुत्या पाडणारे बरेच आत येतात. काकांची तर खिडकीच उघडी असायची. त्या माणसाचा मात्र डावा गाल गेलेला, कारण तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो.

रविवारी काकांचा फोन आला, “दादा, शर्टाचा खिसा उजवीकडे कसा?” जाऊन पाहिलं. फ्लेक्सवाल्याने फोटो आरशासारखा उलटा छापला होता, माणूस मजकुराकडे बघताना दिसावा म्हणून. हे लोक कुणालाही न विचारता असं करतात. भांगही उलटा. आणि उन्हाने खाल्लेला गाल, सावलीत का होईना, डावीकडे. 31 वर्षं मुंबईत बस चालवलेला माणूस अमेरिकेतला ड्रायव्हर होऊन गेटवर लटकत होता.