प्लायचा कायाक: टाके, इपॉक्सी आणि काचकापड

कायाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, 4.7 मीटर लांब, 60 सेंटिमीटर रुंद. प्लायच्या पट्ट्या तांब्याच्या तारेने शिवून इपॉक्सीने (रेझिन आणि हार्डनर कालवून वाळणारा गोंद) जोडायच्या पद्धतीचा. तळाच्या आणि बाजूच्या चारही पट्ट्या जोडून झाल्या, बाहेरून काचकापड (काचेच्या तंतूंचं कापड) बसलं. डेक, म्हणजे वरचं झाकण, बाकी आहे.

4 मिमी जाडीचे 8 बाय 4 फुटी तीन तक्ते पुरतात. कायाकचे परदेशी आराखडे बहुधा ओकूमे लाकडाचा प्लाय धरून काढलेले असतात. त्याचा तक्ता साडेपाच-सहा किलोचा. आपल्याकडचा आयएस 710 (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचा मरीन प्लाय बहुतेकदा गर्जनचा, तो तेवढाच तक्ता साडेआठ-नऊ किलो भरतो. हे वजन चालवून घेता येतं. आतल्या थरातली पोकळी मात्र चालत नाही, कारण पट्टी वाकवताना तिथेच चीर जाते. दुकानातच चारही कडा नीट पाहून घ्या. उरलेला एक तुकडा दोनेक तास उकळून, वाळवून पुन्हा उकळा. थर सुटले तर तो प्लाय फर्निचरला वापरा.

8 फुटी तक्त्यातून 4.7 मीटरची पट्टी काढायला तिरकस सांधा लागतो. जाडीच्या आठपट, म्हणजे 32 मिमी उतार. तक्ते पायऱ्यांसारखे एकावर एक सरकवून ठेवायचे आणि सगळ्यांना एकदमच छोटा रंधा मारायचा. प्लायच्या थरांच्या रेघा सरळ आणि समांतर दिसल्या की उतार बरोबर. आधी दोन्ही उतारांना पातळ इपॉक्सी पाजा, मगच घट्ट केलेली लावा. आडवं कापलेलं लाकूड ती भराभर पितं आणि सांधा कोरडा राहतो. शिकंजाही बेताचा आवळा. जास्त दाबला की गोंद सगळा बाहेर.

डावी-उजवी पट्टी जोडीने एकत्र कापा. जिगसॉ रेघेच्या 2 मिमी बाहेरून चालवायची, उरलेलं रंध्याने.

टाक्यांना 18 गेजची तांब्याची तार. कडेपासून 10 मिमी आत, दर 10 सेंटिमीटरला भोक; टोकांकडे वाक जास्त असल्याने दर 5 सेंटिमीटरला. सगळे टाके पडेपर्यंत पीळ सैल ठेवा. मग दोन्ही टोकांजवळ वरच्या कडांवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून मागून एका डोळ्याने पाहा. दोन्ही पट्ट्या समांतर दिसल्या पाहिजेत. पिळलेला कायाक पाण्यात सतत एका अंगाला वळत राहतो, आणि हा पीळ काढण्याची संधी इथेच असते. इपॉक्सी वाळल्यावर काही करता येत नाही. या तपासणीत घाई करूच नका.

टाक्यांच्या मधे इपॉक्सीचे ठिपके देऊन वाळू द्यायचे, मग तारा काढायच्या. अडकलेली तार सोल्डरिंग आयर्नने तापवली की सुटते. सांधा भरायला इपॉक्सीत चाळलेलं लाकडाचं पीठ आणि थोडी फ्यूम्ड सिलिका (घट्टपणा आणणारी अतिबारीक भुकटी) घालून घट्ट श्रीखंडाइतकं करा. सिलिका हाताळताना मास्क हवाच. गोल टोकाच्या पट्टीने सांधा गुळगुळीत ओढून, तो मऊ असतानाच वर 75 मिमी रुंद काचकापडाची पट्टी बसवा. आत वाकून पॉलिश पेपर मारण्याचं काम वाचतं.

आता रेझिन. हार्डवेअरच्या दुकानात ‘फायबरचं रेझिन’ म्हणून मिळतं ते बहुधा पॉलिएस्टर असतं. ते लाकडाला इपॉक्सीसारखं धरत नाही. त्याच दुकानातली तुटक तंतूंची मॅटही घेऊ नका. तिचा बंधक पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. विणलेलं 200 जीएसएम (चौरस मीटरला 200 ग्रॅम) कापडच हवं. इपॉक्सीत हार्डनर वाढवून काम लवकर वाळत नाही, उलट मऊ राहतं. प्रमाण वजनाचं की मापाचं, हे डब्यावर पाहून घ्या. दोन्ही आकडे वेगळे असतात.

हवेचा हिशेब सगळ्यात महत्त्वाचा. तापमान साधारण 10 अंशांनी चढलं की इपॉक्सी घट्ट होण्याआधी हातात मिळणारा वेळ निम्मा होतो. म्हणून किनाऱ्याकडे आणि उन्हाळ्यात स्लो हार्डनर, एका वेळी 150-200 ग्रॅम, आणि कालवून झालं की लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. काम संध्याकाळी, तापमान उतरताना सुरू करा. सकाळी लाकूड तापत जातं, त्यातली हवा फुगते आणि कापडाखाली बुडबुडे धरतात. पावसाळी दमटपणात वाळलेल्या थरावर मेणचट पापुद्रा येतो. तो साध्या पाण्याने, स्क्रबरने घासून धुवा, मगच पॉलिश पेपर. नाहीतर पेपर चोंदतो आणि पुढचा थर सुटतो.

बाहेरच्या साधारण 3.2 चौरस मीटरला 650 ग्रॅम कापड आणि जवळपास तेवढीच इपॉक्सी लागते. लाकूड पिईल ती वेगळी. मधून सुरुवात करून स्क्वीजीने (रबरी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने) इपॉक्सी कडांकडे ओढा. पांढरट डाग म्हणजे इपॉक्सी कमी, चकाकणारा भाग म्हणजे कापड तरंगतंय. विणीचा पोत दिसणारा मंद पृष्ठभाग बरोबर. वीण भरायला नंतर दोन पातळ थर.

डेक बसवण्याआधी दोन्ही टोकांच्या आतून इपॉक्सी लावून घ्या, नंतर तिथे हात पोचत नाही. दोरीच्या भोकासाठी टोकात घट्ट इपॉक्सी ओतायची ती थोडी थोडी, आधीची थंड झाल्यावर; एकदम ओतलेली तापून धुरावते आणि तडकते.