त्या दोन पोरांचं आख्यान

फेब्रुवारी उजाडला की आमच्या भायखळ्याच्या ख्रिस्ती मंडळीत स्मरणसंध्येची लगबग सुरू होते. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले ते 11 फेब्रुवारी 1813 ला, म्हणून त्याच्या आगेमागे येणारा रविवार धरायचा. अध्यक्षांची सूचना, अनुमोदन, शाल, नारळ, अहवाल हे दरसालचंच. अहवाल मी वाचतो, त्यामुळे तो कंटाळवाणा असतो हे मीच सांगितलेलं बरं.

संडेस्कूलची मुलं नाटिका करतात. कंपनी सरकारला हे दोघे नकोत, गव्हर्नर नेपियन त्यांना परत धाडायला निघालेले, असा प्रवेश. एका वर्षी गव्हर्नरांच्या कापसाच्या मिशा पाण्याच्या ग्लासात पडल्या आणि मागून कोणीतरी ओरडलं, "राहू द्या साहेब, त्यांना राहू द्या!" मग महिला मंडळाची भाषणं. त्याच मिशनच्या हॅरिएट न्यूएल मुंबईला पोचल्याच नाहीत. 1812 साली मॉरिशसला वारल्या, वय 19. त्यांचे यजमान इथं आले आणि 1821 मध्ये पटकीनं गेले. सिंथिया फरार 1827 ला आल्या, त्याही अविवाहित, आधी मुंबईत आणि मग नगरला मुलींना शिकवत राहिल्या. नगरची त्यांची शाळा जोतीरावांनी पाहिली होती, हे सांगताना आमच्या काकूंचा आवाज दरवर्षी चढतो. चढू दे.

पण मी थांबतो कीर्तनासाठी. आमचे कीर्तनकार मूळचे नगरकडचे, निवृत्त शिक्षक. पूर्वरंग आटोपता घेतात आणि थेट 1826 च्या मार्चमध्ये शिरतात. हॉलसाहेबांचं कुटुंब आदल्या वर्षीच मुलांच्या प्रकृतीसाठी अमेरिकेला गेलेलं. थोरला मुलगा बोटीवरच वारलेला. नाशिककडे पटकीची साथ. साहेब औषधं वाटून परत निघालेत, एका खेड्यात देवळाच्या ओसरीवर मुक्काम पडतो, आणि पहाटे दुखणं त्यांनाच गाठतं. वय 41. सोबत दोनच ख्रिस्ती पोरं.

इथं बुवा चिपळ्या खाली ठेवतात. खांद्यावरची शाल काढून पाटावर पसरतात, एक बाजू दुमडतात, मग दुसरी. "पेटी नव्हती. कांबळ्यात गुंडाळलं, खड्ड्यात ठेवलं. कोणी? त्या पोरांनी. नावं काय त्यांची?" आणि गप्प. पेटीवाल्याचा हात भात्यावर तसाच चालू असतो, नुसती हवा फुसफुसत राहते. मला दरवर्षी त्याच ठिकाणी चष्मा पुसावा लागतो.

मागे एकदा पुढे बसलेल्या एका चिमुरडीनं भर शांततेत विचारलं, "मग ती मुलं घरी कशी आली?" बुवा अडखळले. पुढच्या साली त्यांनी आख्यानात भर घातली: शाल उचलून काखेत मारतात आणि काही न बोलता मंचाला दोन फेऱ्या घालतात. टाळही नाही. मला वाटतं, ते सबंध कीर्तनातलं सर्वात चांगलं आहे.

हे ऐकायला माणसं किती? नाताळला दारात उभं राहायला जागा नसते. या संध्येला साठ खुर्च्या मांडतो, त्यातल्या वीस रिकाम्या. मेगाब्लॉक, लग्नं, मुलांची परीक्षा. मटण पुलावाच्या वेळी मात्र गाड्या वेळेवर धावतात.

आता आभार, कारण मागच्या वेळी दोघं राहिले आणि वर्षभर ऐकून घेतलं. पाळकसाहेब आणि बाई. गायन मंडळ, त्यातही ताप असून आलेल्या काकू. कांदा चिरणाऱ्या चौघीजणी, नावं घालायची नाहीत हा त्यांचाच हट्ट. फुलं परळच्या मावशींची, सतरंज्या शेजारच्या शाळेच्या, मोठी पातेली चिंचपोकळीच्या मामांची (एकाचं झाकण अजून आमच्याकडेच आहे). तबलजी विरारहून आला, शेवटची गाडी चुकली म्हणून चर्चच्या बाकावरच झोपला. खुर्च्या घडी करणारी तिन्ही मुलं. आणि हो, माईकवाला. तो परत राहणार होता.