कापसाच्या मागे निमाडात: इंदूर ते सेंधवा

मध्य प्रदेशातल्या सेंधव्याचं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचं काम, पाहायचं असेल तर दिवाळीनंतरच जा. आधी कापूस ओला असतो. आम्ही इंदूरच्या रामबागेतून पहाटेच गाडी काढली. मानपूरच्या पुढे घाटात एखादा ट्रक आडवा झाला की सकाळ गेलीच समजा. चहा खलघाटला, नर्मदेकाठी.

मंडीत खरेदीदार कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, कारण वरचा थर नेहमीच देखणा असतो. मूठभर कापूस काढून सरकीवरची रुई सोलतो, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढतो, एकावर एक ठेवून पुन्हा ओढतो. तंतू सरळ झाले की बाहीवर ठेवून लांबी बघतो आणि भाव बोलतो. शेतकऱ्याच्या हाती आकडा येतो तो फक्त पैशांचा. हे मला खटकलं.

तंतूचे आकडे येतात ते जिनिंगनंतर. 170 किलोच्या गाठीतून नमुना काढून एचव्हीआय या तंतू तपासणाऱ्या यंत्रावर लांबी, ताकद, रंग, कचरा आणि मायक्रोनेअर बघतात. मायक्रोनेअर म्हणजे ठरावीक वजनाच्या रुईच्या बोळ्यातून हवा किती सहज जाते ते. खरी गोम इथेच आहे. आकडा कमी आला तर तंतू जातीनेच बारीक असेल, नाहीतर बोंड कच्चं राहिलं असेल. पहिल्याचं तलम सूत निघतं. दुसऱ्याच्या कापडावर रंग न धरणारे पांढरे ठिपके दिसतात. म्हणून वाण कोणता आणि वेचणी कितवी, हे चिठ्ठीवर लिहून घ्याच.

परतताना पीथमपूरकडच्या एका सूतगिरणीत गेलो. जिनवाल्यांशी त्यांचा वाद ताकदीच्या आकड्यावरून असतो. कोरड्या हवेत तीच रुई कमजोर ठरते, म्हणून नमुना 65 टक्के आर्द्रतेत मुरवावा लागतो. ‘‘घाई असेल तर घेऊन जा परत,’’ प्रयोगशाळेतल्या बाई सरळ म्हणाल्या. मला पटलं. सीएसआयटीसी या कापूस-चाचणीच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमात तर एकच कापूस देशोदेशींच्या प्रयोगशाळांना पाठवून आकडे ताडून बघतात. जिन आणि गिरणीने निदान एक नमुना वाटून घ्यायला काय हरकत आहे?

वेळ उरला तर इंदूरचं कृषी महाविद्यालय बघा. 1924 साली मध्यवर्ती कापूस समितीच्या पैशातून इथे अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज कृषिशास्त्रज्ञाची संस्था उभी राहिली. त्याच वर्षी समितीने माटुंग्याला तंतू तपासणारी प्रयोगशाळा काढली. लोकांना आठवतं ते मात्र हॉवर्डसाहेबांच्या पद्धतीचं इंदूरचं कंपोस्ट खत!

गिरणीला आधी पत्र द्या. जिनिंगमध्ये तोंडाला फडकं बांधा, आणि काळा शर्ट अजिबात घालू नका.